थप्पी उघडायची राहिली

आई, मला तुझा राग आलाय. तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि राग आत्ता येतोय, म्हणजे माझ्या बाकीच्या सगळ्या गोष्टींसारखा हाही उशिराच पोचला. पण आलाय तो खरा आहे आणि दुसऱ्या कुणावर काढून भागत नाही. आबांवर काढून बघितला, मी कामाला असतो त्या नर्सरीच्या मालकांवर काढून बघितला, एकदा तर तिथल्या पाण्याच्या टाकीला लाथ घातली, त्यात अंगठ्याचं नख गेलं. टाकी तशीच आहे.

झालं असं की पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला दोन पानांचा फॉर्म दिला. मनाच्या डॉक्टर आहेत. तासभर त्यांनी माझं ऐकून घेतलं, एकदाही घड्याळ बघितलं नाही, आणि मग म्हणाल्या, "हे मोठ्या माणसांनाही असतं. तुम्हाला लक्ष नाही असं नाही, ते कुठे ठेवायचं ते तुमच्या हातात राहत नाही. पण हे मोठेपणी एकदम उगवत नाही, लहानपणापासून असावं लागतं. म्हणून हा फॉर्म. शाळेत असताना ज्यांनी तुम्हाला रोज बघितलं त्यांनी भरायचा. शक्यतो आईने." शक्यतो आईने! मी म्हणालो, आई नाही. त्या म्हणाल्या, मग वडिलांकडून आणा.

निरगुडसरला घरी आलो. आबा पडवीत लसूण सोलत बसले होते. फॉर्म पुढं ठेवला, पेन हातात दिलं. आबांनी चष्मा धोतराला पुसला, पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला, 'मूल शाळेच्या वस्तू वारंवार हरवत असे का', आणि लगोलग 'कधीच नाही' वर खूण केली.

"आबा, तीन दप्तरं हरवली होती मी."

"कवा? दप्तर तर तुझ्या पाठीवं रोज बघायचो मी. निळं व्हतं."

निळंच होतं, आई. तिन्ही निळीच होती. तू मंचरच्या बाजारातून दरवेळी हुडकून तसलंच आणायचीस आणि नवं दिसू नये म्हणून अंगणात दोनदा आपटून, मळवून माझ्या पाठीवर अडकवायचीस. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आबा पुढचे प्रश्न वाचत गेले आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकाच पॅनेलला शिक्के मारावेत तसे खुणा करत गेले. सांगितलेलं काम अर्धवट सोडत असे का, कधीच नाही. जागेवर बसत नसे का, कधीच नाही. मी ओरडलो. आबा माझ्याहून मोठ्यानं ओरडले. "येड्याच्या कागदावं माझ्या पोराच्या नावापुढं मी व्हय लिहू व्हय रं? उद्या तुझी सोयरीक जमवायची हाय मला. आन् खरं सांगू का, मला यातलं काय म्हाईतच न्हाई. तुझी आई बघायची समदं." आणि खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पानं वाचली. "वडिलांच्या मते लहानपणी काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या, "मग मला ठरवायला थोडं थांबावं लागेल. शाळेच्या जुन्या वह्या असतील तर पुढच्या महिन्यात घेऊन या." वह्या कधीच हरवल्यात, हाच पुरावा धरा, असं मी म्हणालो. त्या हसल्या. मला हसू आलं नाही. लोकांनी मला आळशी म्हटलं, उनाड म्हटलं, बेजबाबदार म्हटलं, तापट म्हटलं. तापट मी आहे, बाकीचं मी कधी मनापासून मान्य केलं नाही. आता कुठं या सगळ्याला एक नीट नाव मिळत होतं, आणि एकच साक्षीदार होता तो सगळा पुरावा स्वच्छ पुसून निघून गेला होता. तू.

तुला मधलं काही ठाऊक नाही, ते सांगतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा प्राध्यापक सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "काय हो, तुम्हाला आमंत्रणपत्रिका पाठवायची का?" मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर टाकलं आणि बाहेर पडलो. मग औषधाचं दुकान, मग ट्रॅक्टरचं शोरूम, मग एका दूध डेअरीत चार महिने. कुठं मला काढलं, कुठं काढायच्या आधी मीच भांडून निघालो. गेली दोन वर्षं मात्र खोडदच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत टिकलोय. रोज गाडीवर जातो-येतो. टिकलोय याचं एक कारण काम आहे. दुसरं कारण पुढं येईल, ते ऐकून लगेच कुणाची, कुठली, विचारू नकोस.

काम असं आहे. शेतकरी टोमॅटोच्या, मिरचीच्या रोपांचं बुकिंग करून जातो. आम्ही ट्रेमध्ये बी पेरतो, दहा-बारा ट्रे एकावर एक रचतो, त्या थप्पीला काळं प्लॅस्टिक गुंडाळतो आणि उगवण खोलीत उबेला ठेवतो. टोमॅटोला तीन-चार दिवस लागतात, तेही हवेवर आहे. बियाण्यानं मान वर काढायला सुरुवात केली की त्याच वेळी थप्पी उघडून ट्रे बाहेर शेडनेटमध्ये, हिरव्या जाळीच्या सावलीत, मांडायचे, तिथं पंचवीस दिवसांत रोप रानात लावण्याजोगं होतं. लवकर उघडलं तर निम्मं उगवत नाही. उशीर झाला तर आत अंधारात उजेड शोधत रोपं ताणतात, पांढरीफटक, दोऱ्यासारखी, मग ती कुणाच्या उपयोगाची नाहीत. यात अर्धा दिवस इकडचा तिकडं चालत नाही. आणि हे काम मला येतं, आई. प्लॅस्टिकखाली हात घातला की उबेवरून मला कळतं, अजून चार तास की सहा. मालक स्वतः मला हाक मारायचे, "ये रे, जरा हात घालून सांग."

आणि मार्चमध्ये, ऐन घाईत, मी एका शेतकऱ्याच्या सगळ्या थप्प्या घालवल्या. सकाळी अकराला उघडायच्या होत्या. उगवण खोलीकडंच निघालो होतो. वाटेत शेडनेटमध्ये पाणी फवारणारं एक नॉझल तुंबलेलं दिसलं. म्हटलं, एवढं साफ करून जाऊ. त्याला टाचणी लागते, टाचणी आणायला स्टोअरमध्ये गेलो, तिथं अख्खी डबी सापडली, मग म्हटलं सगळीच करू. त्या दिवशी चाळीसच्या चाळीस नॉझल मी लख्ख केली. कुणी सांगितलं नव्हतं. जेवायचंही विसरलो. संध्याकाळी छाती फुगवून घरी आलो, दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी गेलो तर थप्प्या उघड्या पडलेल्या, आत सगळं पांढरं, आणि दारात आपली रोपं बघायला आलेला खोडदचा शेतकरी उभा. पंचवीस दिवसांनी लागण धरून त्याच्या रानात वाफे तयार होते, त्यांवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरला रोपांसाठी भोकंसुद्धा पाडून झाली होती.

"परवा काय करत व्हता तू?" मालकांनी विचारलं.

"नॉझल साफ करत होतो."

"तुला सांगितलं व्हतं का नॉझल?"

"नाही."

"मग?"

 मालकांनी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीकडं बोट केलं. नर्सरीतून दोन तबकड्या दिसतात. "ती बघ. एवढी अवाढव्य हाय, पर आभाळात एका जागी तोंड करून बसती का न्हाई? आन् तुझं डोस्कं एवढंसं, ते ठरंना!" मी म्हणालो, "मालक, ती पण फिरते." ट्रे भरणाऱ्या बायका फिसकन् हसल्या, त्यानं मालक आणखीच भडकले. तरी मला ते चाललं असतं. शिव्या मला चालतात, मी परत देतो. नाही चाललं ते दुसऱ्या दिवशीचं. दुसऱ्या दिवशी मालक शेजारी येऊन बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आजपासनं तू ट्रे धुवायच्या हौदावर जा. उगवण खोलीचं मी बघतो. तुझ्या डोस्क्याला लई ताण नको." त्या मऊ आवाजाचा मला इतका संताप आला की दिवसभर मी ट्रे आपटून आपटून धुतले. तो आवाज मी कुठंतरी ऐकला होता.

आता ते दुसरं कारण, म्हणजे ती. नर्सरीच्या ऑफिसात शेतकऱ्यांचे फोन घेते. "दादा, मंगळवारी रोपं तयार आहेत, टेम्पो पाठवा," असं ती म्हणते आणि बाहेर मी उगाच ट्रेत भरायच्या कोकोपीटचं पोतं इकडून तिकडं नेतो. हौदावर चार दिवस झाले तेव्हा ती येऊन उभी राहिली.

"किती दिवस रुसणार आहेस?"

"मी रुसलेलो नाही."

"ट्रेला विचारू का? माझ्या मावसबहिणीच्या पोराला अगदी हेच आहे. असंच एक सोडून दुसरं, दुसरं सोडून तिसरं. शाळेनं सांगितलं, आता डॉक्टरकडे नेतात. तू का दाखवून घेत नाहीस?"

"मी काय शाळेतलं पोरगं आहे?"

"मग कोण आहेस?" असं म्हणून निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. खोटं कशाला सांगू, आजारासाठी गेलो नाही, तिनं सांगितलं म्हणून गेलो. तिनं म्हटलं असतं तर चांगली दाढसुद्धा काढून आलो असतो.

फॉर्मवरून आबांशी भांडण झालं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आणि मला दूध आठवलं. मी सहावीत आहे. तू गोठ्यात निघालीयस, जाता जाता म्हणतेस, "दूध वर येईल, बघ हां. दुसरं काय करू नको, नुसतं बघ." मी शेगडीपुढं उभा आहे, हलत नाही. साय धरायला लागते. सायीला सुरकुत्या पडतात, एका सुरकुतीतून बुडबुडा वर येतो आणि मला ती डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावरून जाणारी होडी वाटते. होडी कडेला लागते, दुसरी निघते. दूध फसफसत वर येतं, पातेल्याच्या बाहेर पडतं, शेगडी विझते, ओट्यावरून धार खाली माझ्या पायांवर येते, आणि मी बघतोय. तू धावत येतेस आणि माझ्या गालावर पाचही बोटं उठतात. तू मला मारलंस ते तेवढं एकदाच. मी रडत ओरडतोय, "मी बघतच होतो गं, आई! शप्पथ, बघतच होतो!" आणि तुझा पुन्हा उगारलेला हात तसाच राहतो. तू माझ्याकडं बघत राहतेस. "बघतोयस आन् दिसत न्हाई," तू म्हणतेस, "असं कसं रं तुझं?"

डॉक्टरीणबाईंची दोन पानं तू एका वाक्यात विचारली होतीस. म्हणजे तुला कळलं होतं! राग आहे तो याचा. कळल्यावर काय केलंस? दुसऱ्या दिवसापासून तू मला दुधाकडं बघायला कधी सांगितलं नाहीस. कशाकडंच नाही. सगळं हळूच, मऊ आवाजात, माझ्या हातातून काढून स्वतःकडं घेतलंस. मला दुकानात पाठवायचीस तर एकाच वस्तूला, परत आलो की दुसरीला. एक गणित झालं की म्हणायचीस, "जा, चिंचेला हात लावून ये," आणि मी पळत जाऊन यायचो, मग दुसरं गणित. दहा गणितांना दहा वेळा चिंच. शेजारची काकू म्हणायची, "पोराला काय घोडा केलाय का?" तू म्हणायचीस, "पाय मोकळं व्हत्यात त्याचं." डॉक्टरीणबाई फी घेऊन मला तेच सांगतात, काम तोडून तोडून करा, मधे उठा. तुला हे कुणी शिकवलं होतं? आणि एवढं येत होतं तर मला का नाही सांगितलंस, की बाबा, तुझं असं असं आहे, मी आहे तोवर मी बघते, पुढं तुला बघावं लागेल? मला वाटायचं मी सगळ्या पोरांसारखाच आहे, जरा हुशारच.

मग तू गेलीस. मी नववीत होतो. सहामाहीत पाच विषय गेले. आईविना पोर आहे, मनाला लावून घेतलंय, असं सगळे म्हणाले, सर डोक्यावरून हात फिरवायचे. मनाला लावून घेतलं होतं, ते खरं. पण पाच विषय त्यानं गेले नव्हते. सकाळी मला तू मारायचीस तशा तीन हाका मारायला कुणी नव्हतं, एवढंच होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी थोबाडलं असतं. आता तुलाच सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी थांबायला सांगितलं तेव्हा मी तिथून थेट नर्सरीत गेलो. मालक हौदापाशीच होते. मी हेल्मेटसुद्धा काढलं नाही. म्हणालो, "माझं काम काढून घेऊ नका. शिव्या द्या, पगार कापा, पण काढून घेऊ नका. एकदा आईनं काढून घेतलं, आता तुम्ही."

"आईचं काय मधीच?" मालक चक्रावले. "आन् आधी ते टोपडं काढ, तू बोलतोयस का भांडतोयस, कळंना मला."

हेल्मेट काढून मी सगळं सांगितलं, डॉक्टरचं, फॉर्मचं, आबांचंही. त्यांना किती कळलं ठाऊक नाही. ट्रेच्या खणातली माती त्यांनी बोटानं काढली. मग म्हणाले, "एक महिना. उगवण खोली तुझी. पर तुझी तूच बघायची. मी आठवण करणार न्हाई, दुसऱ्या कुणी बी करायची न्हाई. एक थप्पी गेली की हौद. मग रुसायचं न्हाई, आन् टाकीला लाथ तर मारायचीच न्हाई."

मोबाईलवर गजर लावून बघितले. गजर वाजतो, मी बंद करतो, बंद केल्याचंही विसरतो. मग माझं मीच एक काढलं. ज्या थप्पीची वेळ आलीय तिच्यावर गाडीची किल्ली ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, गावात जाता येत नाही, चहालासुद्धा जाता येत नाही, थप्पीपाशी यावंच लागतं. आणि वाटेत नॉझल दिसो की साप, खिशातल्या कागदावर लिहायचं, हात लावायचा नाही. पहिल्यांदा किल्ली ठेवली तेव्हा काय खूश झालो होतो! चार दिवसांनी ध्यानात आलं, तू माझा डबा माझ्या चपलांवर ठेवायचीस. डबा उचलल्याशिवाय पाय घालता यायचा नाही. म्हणजे ही अक्कलसुद्धा तुझीच. याचाही राग आला.

महिन्याचे आता सहा दिवस उरलेत. एकही थप्पी गेलेली नाही. पण मालकांची अट मोडलीय, माझ्याकडून नव्हे, तिच्याकडून. ती ऑफिसातून फोन करते. दिवसातून दोन-तीनदा, दोनच शब्द. "बघितली का?" मी म्हणतो, "बघितली." ठेवते. मालकांनी नाही म्हटलंय असं मी एकदा तिला म्हणालो, तर म्हणाली, "मला कुठं म्हटलंय?" तुझ्यावर एवढं तोंडसुख घेतल्यावर तिला मी सांगायला पाहिजे होतं की बाई, हे करू नको, याच लाडांनी मी असा झालो. सांगितलं नाही.

या पत्राला पत्ता नाही आणि असता तरी मी तिकीट लावायला विसरलो असतो, तेव्हा ते कुठं जाणार नाही. म्हणून एक गोष्ट त्यात लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. मंगळवारी ती भावाच्या दाखल्यासाठी घोडेगावला तहसील कचेरीत गेली होती. सकाळपासून फोन नाही. टोमॅटोच्या पाच थप्प्यांची वेळ दहा-साडेदहाची. मला आठवण होती, आई. किल्ली होतीच, पण किल्लीच्या आधी मला आठवण झाली. हात घातला, ऊब बरोबर होती. प्लॅस्टिक काढलं तर वाकलेल्या माना नुकत्या मातीतून वर येत होत्या, ना लवकर, ना उशीर. साठ ट्रे एकट्यानं मांडले. कुणी हाक मारली नाही, कुणी फोन केला नाही. मांडून झाल्यावर मी मधे उभा राहून नुसता बघत होतो. या वेळी दिसतही होतं.

साडेबाराला तिचा फोन आला. एसटी स्टँडवरचा गलका, धाप लागलेली. "अरे, मी लाईनीत अडकले, पार विसरले! थप्प्या! बघितल्या का?"

मी मांडलेल्या ट्रेंच्या मधोमध उभा होतो. म्हणालो, "बरं झालं गं केलास फोन. विसरलोच होतो. आत्ता पळतो."

"बघ! मी नसते तर काय झालं असतं तुझं?"

"खरंच," मी म्हणालो.

तिला अजून खरं सांगितलेलं नाही. सांगितलं तर फोन यायचा बंद होईल.